वरच्या मजल्यावर काँक्रीटचा ओटा

महाडात आमच्या आळीत हल्ली माझं कौतुक होतं. बाजारात कुणी भेटलं की थांबून म्हणतं, "काका, तुम्ही म्हणे काठीनं छत वाजवून ओळखलंत! नाहीतर काय झालं असतं?" मुलगाही पाहुण्यांना तसंच सांगतो. बाबांचे कान अजून तिखट आहेत, नुसत्या आवाजावरून त्यांनी स्लॅब खराब असल्याचं वेळेत ओळखलं, वगैरे. मी मान खाली घालून चहा पितो.

हे कौतुक खोटं आहे. स्लॅब खराब आहे हे मला वेळेत कळलं नव्हतं, फार आधीपासून माहीत होतं. आणि मी सांगितलं ते शहाणपणानं नाही, भीतीनं सांगितलं. तेही अगदी शेवटी.

मागच्या मोठ्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या खालच्या स्वयंपाकघरात ओट्याच्याही वर चढलं. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तर शेगडी, डबे, मिक्सर, सगळं एकाच रंगाचं झालेलं. धुऊन धुऊन बाकीचं स्वच्छ झालं, पण ओट्याच्या भेगांत बसलेला चिखल काही निघेना. बायको खराट्याच्या काड्यांनी भेगा कोरत बसायची, तरी वास येतच राहिला. शेवटी मुलानं ठरवलं, स्वयंपाकघर वर न्यायचं. आमच्या भागात तसं बऱ्याच घरांत झालं आहे. वरची खोली खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर असल्यामुळे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइपही सरळ वर नेता येणार होते. सगळं सोयीचं होतं.

सून कॉलेजात शिकवते. पुण्यात मैत्रिणीच्या घरी तिनं काँक्रीटचा ओटा पाहिला होता, फोनमध्ये त्याचे फोटोही होते. राखाडी, गुळगुळीत, एकही सांधा नाही, भांडी घासायची मोरीसुद्धा त्याच तुकड्यात ओतलेली.

"ग्रॅनाइट घेतला तर सांधे येणार, बाबा," ती म्हणाली. "मला पुन्हा कशातही चिखल अडकायला नकोय. आणि भेगा तर मुळीच नकोत."

"भेगा आपोआप पडत नाहीत," मुलगा हसत म्हणाला. "भेगा आईनं पाडल्यात. जगात कुणी आरसीसी हातानं फोडलंय का? आमच्या आईनं फोडलं. खलबत्ता घेऊन."

आमच्या घरातला हा जुना विनोद. मुलगा शाळेत असल्यापासूनचा. लग्न ठरलं तेव्हा सुनेच्या आईवडलांनाही त्यानं तो सांगितला होता. बायको मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, तिच्या हाताला जोर. मसाला असो, सुकी मिरची असो, ती ओट्यावरच खलबत्ता ठेवून कुटायची. मिक्सर आला तरी कुटायची, फक्त ओट्याऐवजी खाली लादीवर बसून.

"फोडला तर फोडला," ती नेहमीसारखी म्हणाली. "तुला मटनाचा रस्सा हवा आसायचा तवा नाय दिसला ओटा."

सगळे हसले. मीही हसलो. मी दर वेळी हसत आलो.

तो ओटा तिच्या कुटण्यानं फुटला नव्हता.

माझं गाव तुडील. सावित्रीच्या काठाला. घर बांधलं तेव्हा मी कारखान्यात स्टोअरला होतो आणि घराचं सगळं सामान स्वतः उभं राहून घेत होतो. तेव्हा खालचाच मजला होता, वरचा दोन वर्षांनी चढवला. शेवटचा स्लॅब राहिला होता स्वयंपाकघरावरचा, आणि ओटा. वैशाख संपत आलेला. ठरवलेला रेतीवाला ऐन वेळी नाही म्हणाला. पाऊस लागायच्या आत काम झालं नाही तर घर पावसाळाभर उघडं राहणार होतं. तेव्हा तुडीलच्या माझ्या चुलत भावानं होडीतून काढलेली रेती पाठवली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "घराला आपल्या गावची रेती लागू दे." मला फार बरं वाटलं होतं. ट्रक दारात उभा राहिला तेव्हा मी आळीतल्या दोघातिघांना बोलावून ती रेती दाखवली.

आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की समुद्राच्या भरतीचं पाणी उन्हाळ्यात खाडीतून नदीत वरपर्यंत येतं. पावसात नदी गोडी असते, वैशाखात खारी. त्या दिवसांत काढलेली रेती लगेच वापरत नाहीत. एक पावसाळा तिला उघड्यावर भिजू देतात, मीठ धुऊन जातं, मग ती बांधकामाला घेतात. ही रेती नुकतीच काढलेली होती. मेस्त्रीनं मूठभर हातात घेतली आणि मला विचारलं, "मागच्या सालची हाय ना? भिजलेली?"

मी म्हणालो, "हो, मागच्या सालची."

बस एवढंच. वाक्य बोलताना मला फार काही वाटलंही नाही. मनात म्हटलं, एवढ्याशा मिठानं काय होतं, गावात कितीतरी घरं उभी आहेत.

पहिल्याच पावसाळ्यात ओट्याला घाम यायला लागला. पुसला तरी ओलाच. कडेला पांढरी बुरशीसारखी पूड जमायची. बायकोनं ती बोटानं उचलून जिभेला लावली आणि म्हणाली, "अवो, खारट हाय हे. रेतीच खारी हाय तुमची."

"तुमच्या डोंगरात रेती बघितलीस कधी?" मी म्हणालो. "आमच्या गावाला नावं नको ठेवूस."

तिनं बोट पदराला पुसलं. चारपाच वर्षांनी ओट्याला पहिली भेग गेली, सरळ, आतल्या सळीच्या रेषेत. मुलगा लहान होता, तो म्हणाला, आईनं कुटून फोडला. मी सुटलो. ती भेग कुटण्याची नव्हती. आत सळी गंजून फुगली होती आणि तिनं काँक्रीट उचललं होतं. मला ते त्याच दिवशी कळलं. आणि त्याच दिवशी मी मान वर करून छताकडे पाहिलं. तिथेही तीच रेती होती.

त्यानंतर त्या छताखाली मी कधी निवांत जेवलो नाही. ताटावर बसलो की नजर वर जायची. काही वर्षांनी तिथे एक तांबूस रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी. मी दर दिवाळीला स्वतः शिडी लावून त्या रेघांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचो आणि वरून डिस्टेंपर मारायचो. घरचे म्हणायचे, यांना रंगाची हौस. बाकी घराला मजूर लावायचो, एवढं छत मात्र माझं. बायको दुपारी शेजारी गेली की काठीच्या टोकानं ठोकून बघायचो. आधी सगळीकडे ठक्क वाजायचं. मग एका कोपऱ्यात आवाज बदलला. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा. पुढे पुढे तो पोकळ आवाज कोपऱ्यातून मधोमध सरकत आला. मी ठोकणं बंद केलं.

वर कुणी राहत नव्हतं तोवर मी स्वतःची समजूत घालत आलो. खोलीत गाद्या आणि ट्रंका होत्या. मुलगा आणि सून मुंबईहून महाडला परतले तेव्हा मी ट्रंका मुद्दाम भिंतींच्या कडेला लावून घेतल्या आणि त्यांना झोपायला समोरची खोली दिली. सुनेला वाटलं, सासऱ्यांनी हवेशीर खोली दिली.

पण सकाळी ती त्याच रिकाम्या खोलीत व्यायाम करायची. फोनवर कुणीतरी बाई इंग्रजीत आकडे मोजायची आणि सून तिच्याबरोबर उड्या मारायची. खाली मी चहा घेऊन बसलेलो. धप्, धप्, धप्. एकदा कपात काहीतरी पडलं. पांढरा कण. मी तो बोटानं काढला आणि चहा पिऊन टाकला. सुनेला उड्या मारू नको म्हणून कसं सांगणार? सासऱ्यानं बोलायची ती गोष्ट नव्हे. बायकोला म्हटलं, तिला सांग. ती म्हणाली, "का वो? पोरगी हातपाय हलवते तर तुमचं काय दुखतंय? तुम्ही पन मारा दोन उड्या, पोट कमी व्हईल."

आता त्याच खोलीत काँक्रीटचा ओटा येणार होता.

मी विरोध सुरू केला. खरं कारण सोडून सगळी कारणं दिली. काँक्रीट म्हणजे गोठ्यातली गव्हाण. काँक्रीट गार पडतं. काँक्रीटवर कोकमाचा डाग पडतो. बिरवाडीचा एक तरुण कंत्राटदार हे काम घेणार होता. त्यानं हिरकणीवाडीला एका जेवणाच्या हॉटेलात असा ओटा केला होता. तो घोटलेल्या काँक्रीटचा वितभर तुकडा नमुना म्हणून घेऊन आला. सुनेनं त्यावर कोकमाचं आगळ, हळद, तेल आणि लिंबू असे चार थेंब टाकले आणि दुसऱ्या दिवशी पुसून पाहिले. हळदीच्या जागी अगदी फिकी पिवळी खूण राहिली.

"डाग!" मी म्हणालो. "बघा. पडला डाग."

"बाबा, हळदीचा डाग तुमच्या बनियनवर पण आहे," सून म्हणाली. "म्हणून आम्ही तुम्हाला बदलायला निघालोय का?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. कंत्राटदारही हसला. मी तो तुकडा उचलून बाजूला ठेवला.

मी म्हणालो, "ग्रॅनाइट बरा. हलका असतो." मला दुसरं काही सुचलंच नाही.

"हलका?" कंत्राटदारानं माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, वजन वरच्या फळीचं थोडंच असतं. खाली विटांच्या भिंती उभ्या करायच्या, त्यात भांडी, पिंप, सिलेंडर. दगड घ्या नायतर काँक्रीट घ्या, थोडासाच फरक. आन् स्लॅबची काळजी करू नका. जुन्या लोकांचं काम हाय. दोन म्हशी बांधा वर, हलनार नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कितीतरी दिवस उगाच काँक्रीटविरुद्ध भांडत होतो. ओटा कशाचा, हा प्रश्नच नव्हता. त्या खोलीत कसलंच स्वयंपाकघर चालणार नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी म्हणालो, वर लाकडाचं टेबल टाकू, त्यावर शेगडी ठेवू, झालं. मुलगा चिडला. "बाबा, तुम्हाला नक्की काय हवंय? काँक्रीट नको, ग्रॅनाइट नको. पुन्हा पूर आला तर आईनं या वयात चिखल उपसायचा का?"

त्याचं बरोबर होतं. पुराची भीती त्याला होती, आणि ती सगळ्यांना सांगता येण्यासारखी होती. माझी सांगता येत नव्हती. सांगायची तर आधी रेती सांगावी लागली असती, मग मेस्त्रीला दिलेलं उत्तर, मग ओट्याची भेग, मग एवढ्या वर्षांतलं माझं हसणं. मी विचार करायचो, आधी कुठून सुरुवात करू? आणि सुरुवातच सापडायची नाही.

बायकोची दुपारी झोपायची सवय म्हणजे स्वयंपाकघरातच, ओट्यासमोरच्या मोकळ्या लादीवर. उशीही घ्यायची नाही, हात डोक्याखाली. म्हणायची, घरात इथंच गार लागतं. तांबूस रेघा बरोबर तिच्या वर. काम सुरू होणार त्या आठवड्यात मी एकदा चटई घेऊन गेलो.

"अगो, पडवीत झोप. वारा हाय."

"पडवीत माश्या हायत."

"मग पुढच्या खोलीत झोप."

"का? इथं साप निघालाय का?" तिनं डोळे उघडले. "काय झालंय तुम्हाला? आठ दिस बघते, सारखे वर बघताव. देव बोलवतो का काय?"

मी म्हणालो, "काही नाही." आणि चटई घेऊन परत आलो. पडवीत खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि ती उठेपर्यंत तिच्याकडे आणि छताकडे आळीपाळीनं बघत बसलो. वाटलं, स्लॅब पडलाच तर मी ओरडेन. ती एका क्षणात कशी उठणार, तिचे गुडघे तर धरलेले. पण मी तिला उठवलं नाही, हात धरून बाहेर आणलं नाही. मला त्या दुपारची जेवढी लाज वाटते तेवढी मेस्त्रीशी खोटं बोलल्याचीही वाटत नाही.

काम सुरू झालं त्या दिवशी कंत्राटदारानं वर खडूनं रेघा मारल्या. विटांच्या भिंती कुठे येणार, मोरी कुठे, शेगडी कुठे. सून त्या रेघांमध्ये उभी राहून हात हलवून बघत होती, इथून डाळ घेतली, इथे फोडणी दिली. फार आनंदात होती. मग कंत्राटदार म्हणाला, ओटा हलू नये म्हणून जमिनीत सळ्या बसवू, त्यासाठी भोकं पाडावी लागतील. मशीन लावलं.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो. मशीन सुरू झालं आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. तेवढ्यात खालून आवाज आला. फार मोठा नाही, मडकं फुटावं तसा. मशीन बंद झालं.

खालून बायको ओरडली, "काय टाकताव रे वरून? माज्या तांदळात सगळी माती!"

मी जिन्यातून खाली वाकून पाहिलं. ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. हाताच्या अंतरावर ताटाएवढी खपली पडली होती. ती हसत होती. तिला वाटलं, वरच्या लोकांनी काहीतरी पाडलं.

कंत्राटदारानं पुन्हा मशीन उचललं. "प्लास्टर आसंल जुनं. पडनारच."

मी ओरडलो, "थांब! बंद कर ते! सगळे खाली चला. आधी हिला बाहेर काढा!"

माझा आवाज असा निघाला की सून रडायलाच लागली. मुलगा धावत खाली गेला, आईला दंडाला धरून पडवीत आणलं. ती "अरे तांदूळ, अरे तांदूळ" म्हणत होती. मी म्हणालो, "स्लॅब पोकळ आहे. मी काठीनं वाजवून बघितलाय." त्या वेळी मी एवढंच बोललो. आळीत जे सांगतात ते इथवरचं.

कंत्राटदारानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वर पाहिलं. खपली निघाली होती तिथे सळी दिसत होती. सळी म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं लांब बांबूनं टोचलं तर तांबडी भुकटी गळाली आणि आणखी एक तुकडा सुटून तांदळावर आदळला. तो झटकन मागे झाला. 

मग तो म्हणाला, "खाडीची रेती हाय ही. न धुता मारली. त्या वक्ताच्या मेस्त्रीनं फसवलं तुम्हाला, आजोबा."

मुलगा तापला. "कोण होता तो मेस्त्री? बिरवाडीचाच ना? त्याचं घर अजून आहे तिथं. मी जातो आणि विचारतो."

तो चपला शोधायला लागला. मी पडवीतल्या खुर्चीत बसलो होतो. तो खरंच निघाला असता.

"मेस्त्रीनं विचारलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"रेती भिजलेली आहे का, असं त्यानं मला विचारलं होतं. मी हो म्हणालो. ती आदल्याच दिवशी काढलेली होती. तुडीलची. मला माहीत होतं."

मुलाला ते पटकन समजलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला आता कळलं?"

"तेव्हापासून माहीत होतं. ओटा फुटला तोही रेतीमुळेच फुटला. सळी फुगून. तुझ्या आईनं नाही फोडला."

बायको पडवीच्या कठड्यावर बसली होती. केसांत पांढरी धूळ. तिनं आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी सांगितलं व्हतं तुम्हाला," ती म्हणाली. "पयल्याच पावसात. तवा तुम्ही मला काय म्हनलात?"

मुलानं पायातली चप्पल काढून ठेवली.

"सुनेच्या आईबापापुढं बी हसलात तुम्ही. मी मेली समजत व्हते, खरंच माझ्या हातनं झालं. मिक्सर आनला तवा मी का नाय वापरला, तर म्हनलं मोटारीच्या हादऱ्यानं आनखी फुटंल." एवढं बोलून ती उठली आणि केस झटकायला मागच्या अंगणात गेली. सून तिच्या मागे गेली.

संध्याकाळपर्यंत कंत्राटदारानं स्वयंपाकघरात टेकू लावले, छताला फळ्या आणि खाली लोखंडी खांब. मग मुलानं ओळखीचा इंजिनिअर आणला. त्यानं सगळं घर तपासलं. बाकीची छतं चांगली होती, ती दुसऱ्या रेतीची. स्वयंपाकघरावरचं छत मात्र पाडायलाच हवं, त्यानं सांगितलं. "अजून उभं कसं आहे हेच मला कळत नाही," तो म्हणाला. "वर ओटा बसला असता तर पहिल्या पावसाळ्यातच खाली आला असता." हे ऐकताना सून माझ्याकडे बघत नव्हती.

छत पाडायचं काम सुरू व्हायच्या आधी बायको पोलादपूरला भावाकडे गेली. सगळ्यांना सांगितलं, धुळीचा त्रास होतो. पिशवी भरताना मी दारात उभा होतो. "किती दिवस?" मी विचारलं. ती म्हणाली, "छत होईस्तोवर. तुमच्या छताखाली आता मी नाय बसत." बोलताना ती रागावलेली वाटली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती गेली तेवढे दिवस मी रोज संध्याकाळी फोन करायचो. भाऊ उचलायचा. म्हणायचा, गुरांकडे गेलीय, आंघोळीला गेलीय. डोंगरातली बाई एवढ्या वेळा आंघोळीला जाते हे मला नवीनच होतं.

इकडे घरात घण चालू होता. मजूर वरून तुकडे पाडायचे आणि मी आवाज ऐकत पुढच्या खोलीत बसायचो. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा मात्र जेवताना म्हणाला, "मी रात्री मुंबईहून यायचो तेव्हा आई तिथंच स्टुलावर बसून वाट बघायची. तुम्हाला झोप कशी लागायची, बाबा?" मी म्हणालो, "लागायची नाही." हे खरं होतं, पण त्याचा त्याला काय उपयोग.

नवीन छत झालं. रेती मुलानं स्वतः उभं राहून घेतली, दोनदा धुऊन घेतली. मी अंगणात जाऊन ती बघितलीही नाही. ओटा कशाचा, हा विषय पुन्हा निघाला तेव्हा सून म्हणाली, "आता बाबांनी ठरवावं." ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच वाटत होतं की मला काँक्रीटची भीती बसली असेल. मी म्हणालो, तुला आवडला तोच कर. तिनं काँक्रीटच घेतला. कंत्राटदारानं चार माणसं लावून तो जागेवर ओतला, घोटला, वरून कसलंतरी पॉलिश मारलं. सुंदर झाला आहे. खरंच एकही सांधा नाही.

बायको परत आली ती कुणाला न सांगता, दुपारच्या एसटीनं. आधी वर जाऊन ओटा बघितला, त्यावरून हात फिरवला, सुनेला म्हणाली, "छान केलंस गो." मग मुलाला म्हणाली, "ती खलबत्त्याची गोष्ट आता बंद. परत कुनापुढं काढलीस तर ताटात जेवन नाय मिळनार." मुलगा खाली वाकून तिच्या पाया पडला. माझ्याशी ती नेहमीसारखी बोलते. पान देते, औषधाची आठवण करते. रेतीबद्दल तिनं पुन्हा एकही शब्द काढलेला नाही. मी दोनदा काढून बघितला, दोन्ही वेळा ती उठून गेली.

काठीची गोष्ट मुलानं बाहेर सांगायला सुरुवात केली ती मला वाचवण्यासाठी. मी त्याला अडवलं नाही. मग एकदा शेजारचे गृहस्थ घरी आले आणि माझ्यासमोर तिला म्हणाले, "वहिनी, तुमचं नशीब. यांच्या कानांनी तुम्हाला वाचवलं." तिनं चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि पडवीत निघून गेली. तिचा चहा तसाच गार झाला. म्हणून मी हे लिहायला बसलो. मुलगा म्हणतो, कशाला बाहेर काढायचं, झालं ते झालं. पण तिला दुसऱ्यांदा माझं खोटं गिळायला लावणं मला जमणार नाही. शेजारच्या गृहस्थांनाही मी हेच वाचायला देणार आहे.

आता स्वयंपाक वर होतो. खालची खोली मोकळी आहे, जुना ओटा पाडून टाकला, फक्त लादी तशीच आहे. बायको दुपारी अजून तिथेच झोपते. इंजिनिअरनं सांगितलंय की हे छत आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील, मलाही ते समजतं. वर सून पाट ओढते, पिंप सरकवते, कुकरची शिट्टी होते, खाली काही हलत नाही. तरी मी पडवीत खुर्ची दाराकडे करून बसतो.

काल तिनं डोळे न उघडताच विचारलं, "अजून बसलाव का तिथं?"

"हो."

"या हिकडं. गार हाय."

मी उंबऱ्यापर्यंत गेलो. वर पाहिलं. छत पांढरं स्वच्छ होतं, एक रेघ नव्हती. एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबलो, चौकट धरून.

"नको," मी म्हणालो. "मी इथंच बरा. तू झोप."